पाणी-मातीचे प्रशिक्षण गावात केव्हा आणि कसे घ्यावे : शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांत पाणी व मातीविषयीच्या प्रशिक्षणांबाबत विचारणा आहे. प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे उत्तरे एकत्रच देत आहे.

प्रश्न : जल दिन, मृदा दिन, कृषी दिन दरवर्षी साजरे होतात. सत्कार होतात, भाषणे होतात. त्यातून आमच्या शेताच्या पदरात काय पडते?

प्रश्न रास्त आहे. अडचण कोठे आहे ते पाहण्यासाठी तारखांकडे लक्ष द्यावे. जागतिक जल दिन 22 मार्चला येतो. तोपर्यंत आपल्याकडील बहुतेक विहिरींचे पाणी रब्बीला देऊन झालेले असते आणि रब्बीत काय पेरावे, या ज्या निर्णयासाठी ते ज्ञान उपयोगी पडले असते तो पाच महिने आधीच घेतला गेलेला असतो. जागतिक मृदा दिन 5 डिसेंबरला असतो. त्या वेळी शेतात हरभरा, गहू उभा असतो, खताची मात्रा नुकतीच दिलेली असते, आणि अशा शेतातील मातीचा नमुना तपासणीला चालत नाही. 1 जुलैला, वसंतराव नाईक यांच्या जयंतीनिमित्त, कृषी दिन होतो तेव्हा वाफसा, म्हणजे पेरणीजोगा ओलावा, आलेला असेल तर शेतकऱ्याने पेरणी सोडून सभेला का यावे, याचे उत्तर माझ्याकडेही नाही. हे दिवस जरूर पाळावेत, त्यांना मान आहे. परंतु शिकण्याचे वेळापत्रक शेताच्या कामावरून ठरले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

माती नमुन्याचे प्रात्यक्षिक एप्रिल-मे महिन्यांत, रान मोकळे असताना ठेवावे. समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खोदलेले चर), बांधबंदिस्ती आणि ए-फ्रेमने (इंग्रजी ए अक्षराच्या आकाराच्या चौकटीने) समपातळी रेषा आखण्याचे प्रशिक्षण उन्हाळ्यातच, माथा ते पायथा अशी शिवारफेरी करत व्हावे. चर कोठे वाहून गेला आणि कोठे टिकला, हे पाहण्यासाठी मात्र पहिल्या दोन मोठ्या पावसांनंतर त्याच वाटेने पुन्हा एकदा फिरावे. ही दुसरी फेरी बहुतेक ठिकाणी होतच नाही आणि खरे शिक्षण तिच्यात असते. पाण्याचा ताळेबंद ऑक्टोबरच्या मध्याला, पाऊस परतल्यावर आणि रब्बीचे बियाणे घरात येण्यापूर्वी मांडावा.

प्रश्न : पाण्याचा ताळेबंद म्हणजे नेमके काय? आम्हा सामान्य शेतकऱ्यांना तो जमेल का?

ताळेबंद म्हणजे गावाला पावसातून किती पाणी मिळाले आणि कशासाठी किती लागणार याचा हिशेब. तो नक्की जमेल, कारण त्यात बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार यांपलीकडे काही नाही. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले, एवढे एक माप पाठ असले म्हणजे पुरे. समजा, गावाचे क्षेत्र 1000 हेक्टर आणि पाऊस 550 मिलिमीटर आहे. म्हणजे शिवारात 550 कोटी लिटर पाणी पडले. आकडा ऐकून छाती फुगते. परंतु यातील मोठा भाग बाष्पीभवनात, खरिपाच्या पिकात आणि ओढ्यातून वाहून जाण्यात संपतो. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. हा खडक पाणी साठवतो तो केवळ वरच्या मुरमाच्या थरात आणि भेगांत, त्यामुळे भूगर्भात पोहोचणारा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास धरून हिशेब सुरू करावा. तो खडकाप्रमाणे कमीजास्त होतो, म्हणून आपल्या गावासाठीचे प्रमाण भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातील वरिष्ठ भूवैज्ञानिकांकडून समजून घ्यावे.

उदाहरणातील गावाजवळ अशा रीतीने 55 कोटी लिटर भूजल उरले. दोन हजार लोकवस्तीला माणशी रोज 55 लिटर धरल्यास वर्षाला चार कोटी लिटर लागतात. हजार जनावरांना रोज 50 लिटरप्रमाणे आणखी पावणेदोन कोटींहून थोडे अधिक. हे पाणी सर्वांत आधी बाजूला काढायचे. राहिले सुमारे 49 कोटी. गव्हाला हेक्टरी सुमारे 40 लाख लिटर लागते असे धरल्यास एवढ्या पाण्यावर 122 हेक्टर गहू निघेल. हरभऱ्याला त्याच्या निम्मे पाणी धरल्यास क्षेत्र 245 हेक्टरपर्यंत जाईल. शिवारात फळबाग किंवा ऊस असेल तर त्याचे पाणी याच 49 कोटींतून वजा करायचे. ही वजाबाकी फळ्यावर सर्वांसमोर झाली की रब्बीत काय पेरावे याची चर्चा आपोआप सुरू होते, हे मी अनेक गावांत पाहिले आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार याच पद्धतीने दरवर्षी पाण्याचा हिशेब मांडून पिके ठरवते. तेथे शेतीसाठी कूपनलिका घेण्यावर गावानेच बंदी घातली आहे.

हिशेबासाठी दोन नोंदी गावाच्या स्वतःच्या हव्यात. पहिली पावसाची. पर्जन्यमापक मोकळ्या जागी, झाड किंवा भिंत यांच्यापासून त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर बसवावा आणि रोज सकाळी साडेआठला, पाऊस नसला तरी, नोंद करावी. दुसरी विहिरीच्या पाणीपातळीची. भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजते. गावानेही निदान त्याच महिन्यांत आपल्या पाच-सहा विहिरी मोजाव्यात.

गेल्या ऑक्टोबरमधील एका शिवारफेरीतील प्रसंग येथे सांगण्यासारखा आहे. विहिरीचे मालक सांगत होते की पाणी भरपूर आहे, तीन एकर गहू करणार. पंप आदल्या रात्रीपासून बंद ठेवायला सांगितले होते, कारण उपसा चालू असताना खरी पातळी कळत नाही. नववीत शिकणाऱ्या त्यांच्या मुलीने टेपच्या टोकाला वजन बांधले, शेवटच्या मीटरभराला खडू चोळला आणि टेप सोडला. कठड्यावर 6 मीटरची खूण धरली होती आणि वर काढल्यावर खडू शेवटचे 80 सेंटिमीटर भिजलेला होता, म्हणजे पाणी कठड्यापासून 5.20 मीटरवर. पातळी जमिनीपासून धरायची म्हणून त्यातून कठड्याची 90 सेंटिमीटर उंची तिनेच वजा केली आणि वहीत लिहिले 4.30. त्याच वहीत आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरची नोंद 2.80 होती. पाणी दीड मीटर खाली गेले होते आणि काठावरून पाहणाऱ्या कोणालाही ते जाणवले नव्हते. मालक बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. शेवटी त्यांनी एक एकर गहू आणि दोन एकर हरभरा केला. त्यांना हा सल्ला मला द्यावा लागला नाही.

प्रश्न : माझा मुलगा पाणलोटाचे प्रशिक्षण घेऊन आला, परंतु गावात त्याचे कोणी ऐकत नाही. काय करावे?

याचा दोष मुलाचा नाही. एकट्याला पाठवून गाव शिकत नाही. विहीर सातबाऱ्यावर एकाच्या नावाची असली, तरी तिच्या तळाचे पाणी शेजाऱ्याच्या विहिरीशी जोडलेले असते, त्यामुळे या विषयातील प्रशिक्षणाला एका वाडीतून किमान पाच-सहा जण एकत्र जावेत. त्यात दोन महिला असाव्यात. घरी पाणी भरणे आणि जनावरांना पाजणे ही कामे ज्या करतात त्यांना टंचाईचा अंदाज सर्वांत आधी येतो, हा माझा अनुभव आहे. भूमिहीन कुटुंबातीलही एक जण असावा. पुरंदर तालुक्यात नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क जमिनीच्या आकारावर न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर दिला होता. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनांनाही त्यात वाटा होता. पाण्याच्या चर्चेत जमीन नसलेल्यांनाही जागा असावी हा विचार आपल्याच मातीत रुजलेला आहे.

आपल्या मुलाने परत आल्यावर भाषण करू नये, पर्जन्यमापक बसवावा. रोजचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहीत गेला तर एका पावसाळ्यात लोक येऊन त्याला विचारू लागतील.

प्रश्न : आमच्या गावात असे प्रशिक्षण हवे असल्यास अर्ज कोठे करावा? माती परीक्षणाचेही प्रात्यक्षिक मिळेल का?

शेतकरी गट, बचत गट किंवा ग्रामपंचायत यांपैकी कोणीही तालुका कृषी अधिकारी कार्यालयाकडे लेखी मागणी करू शकते. आत्मा, म्हणजे कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेमार्फत प्रशिक्षण व अभ्यास दौरे होतात, तर विषयतज्ज्ञांसाठी जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्राला पत्र द्यावे. मागणीस ग्रामसभेचा ठराव जोडल्यास उत्तम. महिलांची सभा ग्रामसभेपूर्वी होते, तेथे विषय आधी मांडला तर ठराव अधिक वजनदार होतो. "प्रशिक्षण मिळावे" एवढेच लिहू नये. कोणत्या महिन्यात, कोणत्या शिवारात, किती जणांसाठी आणि काय शिकायचे आहे, ते लिहावे. पंचवीस-तीस जणांची तुकडी योग्य ठरते. दोनशे माणसांच्या मंडपात टेप कोणाच्याच हाती येत नाही.

माती नमुन्याचे प्रात्यक्षिक अवश्य मिळेल. तोपर्यंत स्वतः नमुना घ्यायचा असल्यास एकसारख्या जमिनीत नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणे निवडावीत. बांधाकडेची, झाडाखालची, विहिरीजवळची आणि शेणखताच्या ढिगाची जागा टाळावी. पृष्ठभागावरील काडीकचरा दूर करून इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा सुमारे 20 सेंटिमीटर खोल खड्डा घ्यावा आणि त्याच्या बाजूची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती काढावी. सर्व माती स्वच्छ कापडावर मिसळून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन काढून टाकावेत, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हे पुन्हा करावे. नमुना सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरावा. खताची रिकामी गोणी यासाठी कधीही वापरू नये, कारण तिच्यातील उरलेसुरले खत अहवाल बिघडवते. फळबागेसाठी खोलीनुसार वेगवेगळ्या थरांचे नमुने लागतात, त्याची पद्धत प्रात्यक्षिकातच दाखवू.

ऑक्टोबरमधील ताळेबंदासाठी ज्या गावांना आमची मदत हवी आहे त्यांनी आपले पत्र ऑगस्टअखेरपर्यंत द्यावे. जूनपासूनच्या पावसाच्या नोंदी असल्यास त्या वहीची प्रत सोबत जोडावी. नोंदी नसल्या तरी पत्र जरूर द्यावे, आणि पर्जन्यमापक आजच बसवावा.