कर्णबधिर शाळेत आठवी ते दहावीच्या मुलांसाठी करिअर मार्गदर्शन कसं सुरू करावं?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की शाळा तालुक्याच्या गावी आहे, आठवी ते दहावी मिळून 19 मुलं आहेत, समुपदेशक नाही. दहावीनंतर मुली शिवणक्लासला जातात आणि मुलगे शेतावर किंवा मिळेल त्या मजुरीला. काय करावं आणि कुठून सुरुवात करावी?

दहावीच्या निकालानंतर पाहुणे बोलावून एक व्याख्यान ठेवायचं, असा बेत असेल तर तो आधी सोडा. सुरुवात आठवीच्या जूनपासून हवी, आठवड्याला दोन तासिका. ऐकणारी मुलं नोकरीधंद्याबद्दल बरंचसं घरीच शिकतात, तेही कुणी न शिकवता. जेवताना बाबा पगार कापल्याची कुरकुर करतात, मामाची बदली होते, शेजारच्या दादाला अजून पर्मनंट केलं नाही म्हणून आई हळहळते, आणि हे सगळं कानावर पडत असतं. कर्णबधिर मुलाच्या घरी बहुतेक वेळा कुणालाच साइन (हातांच्या खुणांची भाषा) येत नाही. त्याला दिसतं एवढंच की बाबा सकाळी जातात आणि संध्याकाळी येतात. त्यामुळे दहावीतल्या हुशार मुलालाही बाबा नेमकं काय काम करतात, पगार रोज मिळतो की महिन्याला, रजा कुणाकडे मागायची हे माहीत नसतं. अशा मुलाला 'तुला काय व्हायचंय?' विचारलं तर तो पाहिलेल्या दोन-चार गणवेशांपैकी एक निवडतो. शिक्षक, पोलीस, डॉक्टर.

म्हणून पहिले तीन महिने फक्त ही पोकळी भरा. प्रत्येक मुलाने घरातल्या किंवा शेजारच्या तीन कमावत्या माणसांकडून एक छापील कागद भरून आणायचा. कामाचं नाव, कामाच्या वेळा, दिवसभर हाताने काय करता, पगार रोख की बँकेत, सुट्टीचे पैसे कापतात का, शिक्षण किती लागलं, दिवसात फोनवर किती बोलावं लागतं, असे सात-आठ प्रश्न पुरेत. सोबत हत्याराचा किंवा जागेचा मोबाइलवर काढलेला फोटो. मग वर्गात मुलाने ते काम साइनमध्ये सांगायचं. अनेक व्यवसायांना तुमच्याकडे साइन नसेल. दिल्लीच्या इंडियन साइन लँग्वेज रिसर्च अँड ट्रेनिंग सेंटरचा 10,000 शब्दांचा कोश ऑनलाइन मोफत आहे, आधी तिथे बघा. नाही सापडली तर मुलांनी स्वतः साइन ठरवली तरी चालेल, पण प्रत्येक वेळी मराठी शब्द फळ्यावर लिहून घ्या. शाळेबाहेर उपयोगी पडणार आहे तो लिहिलेला शब्द.

कलचाचणी घेणार असाल तर सावध राहा. बहुतेक चाचण्या मराठी वाक्यांवर उभ्या असतात. 'मला इतरांना मदत करण्यापेक्षा यंत्रांशी खेळायला आवडतं' या वाक्यातला 'पेक्षा' ज्याला उमगत नाही त्याचं उत्तर भाषेची परीक्षा असतं, आवडीची नव्हे. मग अहवालात 'शाब्दिक क्षमता कमी' येतं आणि मुलगा आयुष्यभर पॅकिंग करतो. त्यापेक्षा प्रत्यक्ष काम द्या: स्क्रूड्रायव्हरने स्विचबोर्ड उघडून जोडणं, एक्सेलमध्ये 30 नोंदी भरणं, मापाप्रमाणे पुठ्ठा कापणं. वेळ, चुका आणि मूल स्वतःहून पुन्हा त्याकडे वळलं का, हे तीन रकान्यांत लिहा. संस्थेकडूनच मूल्यमापन हवं असेल तर मुंबईत सायन-चुनाभट्टीला दिव्यांगांसाठीचं राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे (पूर्वीचं व्यावसायिक पुनर्वसन केंद्र, म्हणजे व्हीआरसी).

आता कागद, कारण उमेदीच्या वयात दार बंद होतं ते बहुधा कागदामुळे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दोन्ही कानांत 70 डेसिबल ऱ्हास असेल तर 'बधिर' आणि 60 ते 70 असेल तर 'श्रवणदोष', अशी व्याख्या आहे. आरक्षणाला किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) नववीतच काढून घ्या. घोळ नेहमी त्याच ठिकाणी होतो: आधारवर 'सुनिल', शाळेच्या रजिस्टरवर 'सुनील', दाखल्यावर वडिलांचं नावच नाही, किंवा लहानपणी मिळालेला तात्पुरता दाखला कधीच संपलेला. प्रवेशाच्या आठवड्यात हे दुरुस्त होत नाही.

दहावीच्या विषयांची सवलत जपून घ्या. जादा वेळ मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. पण गणित किंवा विज्ञानाऐवजी सोपा विषय घेण्याआधी पालकांना समोर बसवून सांगा की फिटर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट यांसारख्या आयटीआय ट्रेडना दहावीचं गणित-विज्ञान लागतं. टक्केवारी वाढावी म्हणून शाळाच विषय बदलायला लावते, असं सर्रास घडतं, आणि मला ते अक्षम्य वाटतं.

आयटीआयच्या प्रत्येक ट्रेडच्या अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत कोणत्या दिव्यांग प्रवर्गांना तो खुला आहे, ती ओळ छापलेली असते. निदेशकाच्या (आयटीआयमधल्या शिक्षकाच्या) तोंडी मतावर न जाता ती ओळ दाखवा. प्रवेश मिळाल्यावरची अडचण वेगळीच असते. निदेशक लेथ चालवता चालवता बोलतात. मुलगा हात बघेल किंवा ओठ, दोन्ही एकदम बघता येत नाहीत. त्यामुळे निदेशकांना एकच विनंती करायची: आधी करून दाखवा, थांबा, मुलाकडे तोंड करून मग सांगा. आणि मे महिन्यात त्या ट्रेडच्या शे-दीडशे शब्दांची चित्रवही करून घ्या (चक, व्हर्निअर, फेज, अर्थिंग), नाहीतर पहिली तिमाही शब्द ओळखण्यातच जाते. कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) असलेल्या मुलाने वेल्डिंग घेण्याआधी ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे श्रवणतज्ज्ञाला, विचारलंच पाहिजे.

सरकारी नोकरीबद्दल पालक हमखास विचारतील. 4 टक्के आरक्षणातला 1 टक्का बधिर व श्रवणदोष असलेल्यांचा. केंद्राने 4 जानेवारी 2021 च्या अधिसूचनेत दिव्यांगांसाठी सुयोग्य पदांची यादी दिली आहे. जाहिरात वाचायला मुलांनाच शिकवा: पदासमोर 'डी' (बधिर) किंवा 'एचएच' (श्रवणदोष) आहे का, आणि कामाच्या गरजांमध्ये 'एच' म्हणजे ऐकणं आणि 'सी' म्हणजे संवाद मागितलाय का. दहावीच्या वर्गाला पाच जाहिराती देऊन हे शोधायला लावा, तासिका छान जाते. पण 1 टक्क्यावर 19 मुलांचं भविष्य टांगू नका. खासगी क्षेत्रात आरक्षणाची सक्ती नाही, तरी लेमन ट्री हॉटेल्स 2007 पासून कर्णबधिरांना घेत आहेत आणि मुंबईची मिरॅकल कुरिअर्स 2009 मध्ये कर्णबधिर कर्मचाऱ्यांवरच उभी राहिली. बारावीनंतर साइन शिकवण्याचा डिप्लोमा कर्णबधिरांसाठीच असतो, आणि तिरुवनंतपुरमच्या 'निश' संस्थेत त्यांच्यासाठी बी.कॉम., संगणकशास्त्र आणि फाइन आर्ट्सच्या पदव्या आहेत. हे पर्याय पालकांच्या कानावर आलेलेच नसतात.

सगळ्यात जास्त वेळ मात्र मराठीवर घाला, आणि तीही कामावरची मराठी. साइनचं व्याकरण स्वतंत्र आहे, तिथे मराठीसारखे प्रत्यय नाहीत. त्यामुळे मूल शब्द वाचतं, पण शेपट्या सोडून देतं. सुपरवायझरचा मेसेज येतो, 'आजऐवजी उद्या या'. मुलाला आज, उद्या आणि या दिसतं, तो दोन्ही दिवस जातो. 'पाचला या', 'पाचपर्यंत या', 'पाचनंतर या' यांतला फरक कळला नाही तर तो बेजबाबदार ठरतो. ऐवजी, शिवाय, पर्यंत, नंतर, आधी, नाहीतर आणि 'च' हे सात घ्या, प्रत्येकाचे वीस-वीस मेसेज तयार करा आणि मुलांना घड्याळ व कॅलेंडर हातात देऊन ते करून दाखवायला लावा. 'समजलं का?' असं कधीच विचारू नका, मान हलतेच. 'काय करशील?' विचारा. उत्तर लिहायलाही शिकवा: 'समजलं नाही, पुन्हा लिहा' हे वाक्य न लाजता पाठवता आलं पाहिजे.

नववीत दोन कर्णबधिर प्रौढांना बोलवा, जवळपास काम करणारे, साधे. बोर्डात आलेला तारा नको, त्याला बघून मुलं टाळ्या वाजवतात आणि विसरतात. गाडीभाडं आणि मानधन द्या. मुलं पगार, लग्न, मोबाइल, भांडण सगळं विचारतील, विचारू द्या.

पालकांचा विरोध वरवर 'जमेल का त्याला' असा असतो. आत दोन भीती असतात. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान उत्पन्नाच्या अटीमुळे बंद होईल ही एक, मुलीच्या प्रवासाची दुसरी. पहिलीसाठी आकडे मांडा: बारा महिन्यांचं अनुदान एका बाजूला, बारा महिन्यांचा पगार दुसऱ्या बाजूला. दुसरीसाठी मुलीसोबत त्या वेळच्या एसटीने दोनदा जाऊन या.

नोकरी देणाऱ्याला अर्ध्या पानाचं पत्र द्या. सूचना लिहून द्याव्यात, हाक मारण्याऐवजी खांद्याला स्पर्श करावा किंवा दिवा उघडझाप करावा, सायरनसोबत लुकलुकणारा दिवा असावा, फोर्कलिफ्टच्या वाटेवर आरसा बसवावा. मुलाखतीला आईला दुभाषी म्हणून नेऊ नका. उत्तरं तीच देते. आणि शाळा सोडल्यावर पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात व्हिडिओ कॉल करा. पहिली नोकरी सुटते ती सहसा काम न जमल्याने नव्हे. शिफ्ट बदलल्याचं सगळ्यांना चहाच्या टपरीवर तोंडी कळलेलं असतं, याला कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून पहिल्याच कॉलमध्ये विचारा: बदललेली वेळ तुला कोण सांगतं? नाव सांगता आलं नाही, तर त्याच दिवशी सुपरवायझरला फोन लावा.