मुलगी रंगांच्या रसायनशास्त्रात जाते म्हणते

पत्र : मुलगी म. स. विद्यापीठात बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. जिवंत मेंदूतलं कॅल्शियम दाखवणारे निअर-इन्फ्रारेड (तांबड्यापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात चमकणारे) रंग तयार करायचे म्हणते. माझी सगळी नोकरी नंदेसरीच्या रंगाच्या कारखान्यात झाली. यात पोट भरेल का? की बायोटेक्नॉलॉजीला घालू? – एक वडील, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : बायोटेक्नॉलॉजीला घालू नका. उपयोग जीवशास्त्रात असला तरी काम सिंथेसिसचंच, म्हणजे नवे रेणू घडवण्याचंच आहे.

रसायनशास्त्रज्ञ रॉजर त्सिएन यांनी 1980 साली कॅल्शियम पकडणारा बाप्टा हा रेणू मांडला. 1985 मध्ये त्याच धर्तीवर फ्युरा-2 हा कॅल्शियम पकडलं की चमक बदलणारा रंग आला. शांत पेशीत मुक्त कॅल्शियम सुमारे 100 नॅनोमोलर (म्हणजे अत्यंत विरळ) असतं, पेशी चेतली की दहापटीपर्यंत जातं. रंगाची पकड याच टप्प्यात बसावी लागते. फ्युरा-2 ला अतिनील प्रकाश लागतो, तो ऊतीत खोल जात नाही. साधारण 650 ते 900 नॅनोमीटरच्या, म्हणजे तांबड्या ते निअर-इन्फ्रारेड पट्ट्यात रक्त आणि पाणी दोन्ही प्रकाश कमी शोषतात, म्हणून सगळ्यांची धाव तिकडे.

खरी अडचण पुढे आहे. तरंगलांबी वाढवायला दुहेरी बंधांची साखळी लांबवली, की रेणू पाण्यात गुठळ्या धरतो आणि प्रकाशात लवकर खराब होतो. कॅल्शियम नसताना नायट्रोजनवरचा इलेक्ट्रॉन रंगाला विझवून ठेवतो. तेही इथे नीट जमत नाही, मग कॅल्शियम असो वा नसो, रंग कायमच चमकतो. रंग पाण्यात विरघळावा म्हणून सल्फोनिक गट घालतात, हे तुम्ही कारखान्यात पाहिलंच असेल. इथेही घालतात, पण तो विद्युतभार घेऊन रेणू पेशीच्या पडद्यातून आत शिरत नाही. या पेचावर वर्षानुवर्षं काम करायची तिची तयारी आहे का, हे तिलाच विचारा. ती हो म्हणाली तर तिला अडवू नका. मला तरी हा विषय फार मोलाचा वाटतो.

पोटाचं म्हणाल, तर याच एका विषयातल्या नोकऱ्या आपल्याकडे मोजक्याच आहेत. पण कॉलम, टीएलसी (मिश्रणातले पदार्थ वेगळे करायच्या पद्धती) आणि एनएमआरवर (रेणूची रचना ओळखायचं तंत्र) हात बसलेल्या माणसाला औषध आणि स्पेशालिटी केमिकल कंपन्यांच्या संशोधन विभागात मागणी असते. पीएच.डी.ला पाचेक वर्षं धरा. नेट-जेआरएफ ही संशोधनाची सरकारी शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं.

आता जॅम ही एम.एस्सी.ची राष्ट्रीय प्रवेश परीक्षा देऊन ऑरगॅनिकमध्ये एम.एस्सी. करू द्या. पुढे गाइड निवडताना त्यांचं एखाद्या न्यूरोबायोलॉजीच्या प्रयोगशाळेशी प्रत्यक्ष काम चालू आहे ना, एवढं तिने नक्की पाहावं. जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबरमध्ये सुटतात, परीक्षा फेब्रुवारीत असते.