परसातील माडाची रोपे घरी करताना: बागायतदारांच्या प्रश्नांना उत्तरे

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील बागायतदारांचे प्रश्न थोडक्यात असे आहेत. जूनमध्ये परसात रुजत घातलेल्या नारळांपैकी निम्मे चार महिने होत आले तरी फुटलेले नाहीत. दुकानदाराने युरिया आणि संजीवकाची (वाढीला चालना देणाऱ्या औषधाची) बाटली दिली आहे, ती वापरावी का? सुपारीची रोपेही घरी होतील का? आणि या रोपांवर अनुदान मिळेल का?

बाटली परत करावी. नारळाच्या कोंबाला सुरुवातीचे काही महिने लागणारे अन्न खोबऱ्यातच असते आणि आत वाढणारा स्पंजासारखा गोळा ते शोषून रोपाला पुरवत असतो, त्यामुळे रुजवणीच्या वाफ्याला कोणत्याही खताची गरज नसते. युरियाने कोवळी मुळे करपतात, आणि ज्या नारळातील गर्भच मेला आहे तो कोणत्याही संजीवकाने जिवंत होत नाही. दुकानदाराला विक्री करायची असते, तुम्हाला माड पुढची साठ वर्षे सांभाळायचा असतो, हे वाफ्यात काहीही ओतण्यापूर्वी लक्षात घ्यावे. बाणवलीसारख्या उंच जातीचा नारळ फुटायला दोन ते चार महिने घेतो. पाच महिने पूर्ण होईपर्यंत वाफा ओलसर ठेवावा. त्यानंतरही न फुटलेला नारळ निर्दयपणे काढून टाकावा.

खरी चूक बहुतेक ठिकाणी जूनच्या आधीच झालेली असते. पडलेला, सोललेला किंवा पूजेचा उरलेला नारळ बियाणे म्हणून घालू नये. वीस वर्षांपुढील, दरवर्षी नियमितपणे ऐंशीच्या वर नारळ देणारा, भरगच्च झावळ्यांचा माड निवडावा. उकिरड्याजवळ किंवा गोठ्याच्या सांडपाण्यावर पोसलेला माड मात्र टाळावा, कारण त्याचे उत्पन्न जातीचे नसून जागेचे असते. अकरा ते बारा महिन्यांचे पक्व नारळ दोरीने खाली उतरवावेत, महिना-दोन महिने सावलीत ठेवावेत आणि हलवल्यावर पाणी वाजत नसेल तर बाजूला करावेत. ठेंगू जातीचे नारळ मात्र असे साठवत बसू नये. पावसाच्या तोंडावर, पाणी न साचणाऱ्या रेताड वाफ्यात, सोडणासह (म्हणजे वरचे काथ्याचे साल न काढता), एकेक फुटावर, सोडण वरून थोडे दिसेल इतक्या खोलीवर लावावेत. जुलैच्या मुसळधार पावसात वाफा करू नये आणि फेब्रुवारीच्या उन्हात तर मुळीच करू नये. दुकानदार बाराही महिने ‘आता घाला’ म्हणतो, कारण त्याची बाटली बाराही महिने विकायची असते.

यानंतर माझा सर्वांत जास्त आग्रह निवडीवर आहे. लवकर फुटलेली, नऊ ते बारा महिन्यांत सहा-आठ पाने आलेली, बुंध्याचा घेर दहा सेंटिमीटरच्या वर असलेली आणि पान लवकर चिरलेली रोपेच ठेवावीत. ‘जगले आहे तर लावू या’ म्हणून किरकोळ रोप लावणाऱ्याच्या परसात पुढे पंधरा वर्षे नुसत्या झावळ्या दिसतात. लागवडीनंतर पहिल्या वर्षी मोठ्या माडाच्या मात्रेचा पाचवा हिस्साच खत द्यावे. दुप्पट खताने माड दुप्पट वेगाने वाढत नाही.

संकरित माडाचे नारळ बियाणे म्हणून विकणाऱ्यांपासून सावध राहावे. संकरित झाडाच्या फळापासून केलेली रोपे एकसारखी निघत नाहीत, म्हणून संकरित रोप हवे असेल तर ते भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रातून किंवा शासकीय रोपवाटिकेतूनच घ्यावे. तसेच माड पोखरणाऱ्या गेंड्या भुंग्यासाठी पोग्यात, म्हणजे शेंड्याच्या न उघडलेल्या कोवळ्या पानात, फोरेट हे कीटकनाशक टाकण्याचा सल्ला अजूनही काही दुकानांत मिळतो. फोरेटवर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे. परसात विहीर असते, मुले असतात, गुरे असतात. ते विष फुकट मिळाले तरी घेऊ नये. भुंगा तारेच्या आकड्याने ओढून काढावा आणि उकिरडा, जिथे त्याच्या अळ्या वाढतात, माडांपासून लांब हलवून वरचेवर उपसावा.

सुपारीची रोपे घरी उत्तम होतात. श्रीवर्धनी या सुपारीच्या जातीच्या चांगल्या झाडाची पूर्ण पिकलेली फळे सालीसकट घ्यावीत, पाण्यात टाकल्यावर देठ वर करून उभी तरंगतील तीच निवडावीत आणि सुकू न देता लगेच, देठाची बाजू वर ठेवून, सावलीतल्या वाळूच्या वाफ्यात लावावीत. दोन-तीन पाने आली की पिशवीत हलवावीत. बी वाळवून ठेवणे ही सुपारीत सरसकट होणारी चूक आहे; वाळलेली सुपारी रुजत नाही.

अनुदानाबाबत: आधी रोजगार हमीतून फळबाग लागवड पाहावी आणि त्यात बसत नसल्यास भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेसाठी महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर अर्ज करावा. कोकणात किमान दहा गुंठे क्षेत्र लागते आणि अनुदान तीन वर्षांत 50, 30 व 20 टक्के असे मिळते. रोपे शासकीय, विद्यापीठाच्या किंवा मान्यताप्राप्त रोपवाटिकेची लागतात. घरच्या वाफ्यातील रोपे त्यात दाखवू नयेत.