शेवटचा आवळ टॉर्क पान्यानेच
इंदुरात स्वतःचं गॅरेज टाकतोयस, म्हणून मुद्दाम सांगतो. चाकाचे नट आवळताना इम्पॅक्ट गनला, म्हणजे ठोके देत नट फिरवणाऱ्या हवेच्या यंत्राला, टॉर्क स्टिक लावतात; ती म्हणजे पीळ खाणारी दांडी. ठरावीक जोर आला की ती इम्पॅक्ट गनचे ठोके स्वतःत जिरवते, नट फारसा पुढे सरकत नाही. पण गन ताकदीची असली किंवा हवेचा दाब जास्त असला, तर स्टिकवरचा आकडा खरा राहत नाही. गाडीच्या पुस्तिकेत नट आवळायचा जोर (टॉर्क) ११० न्यूटन मीटर असेल तर ८०च्या आसपासची स्टिक घे. आधी नट हाताने आट्यावर बसव, मग समोरासमोरचे आवळ. गाडी खाली उतरवून शेवट टॉर्क पान्याने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, कर. नट सोडवायला स्टिक लावूच नकोस. आणि गाडी थोडी चालली, म्हणजे गिऱ्हाईक उज्जैनला वगैरे जाऊन आलं की नट पुन्हा तपासून दे, फुकट.