सर रात्री मेसेज करतात आणि संचालक म्हणतात, 'आधी पुरावा आणा'

प्रश्न : मी तालुक्याच्या गावातल्या एका खासगी कबड्डी अकादमीत कंत्राटावर सहायक प्रशिक्षक आहे. मुली अकादमीच्या वसतिगृहातच राहतात. दहावीतल्या एका मुलीने मला मुख्य प्रशिक्षकांचे मेसेज दाखवले. ते रात्री उशिरा तिला एकटीला लिहितात, तिच्या शरीराबद्दल बोलतात, फोटो मागतात. 'घरी सांगू नकोस, निवड माझ्या हातात आहे,' असंही लिहितात. 'मॅडम, कुणाला सांगू नका, पप्पा खेळ बंद करून लग्न लावतील,' अशी शपथ तिने मला घातली आहे. मीच रोज रात्री फोन करून तिला धीर देते. संचालकांना तोंडी सांगितलं, तर ते म्हणाले, 'आधी पुरावा आणा, अकादमीचं नाव घालवू नका.' आता 'मला अशी कोणतीही बाब माहीत नाही' असं लिहिलेल्या कागदावर माझी सही मागतायत. स्क्रीनशॉट मी दोन सहकाऱ्यांना पाठवलेत. पुढच्या आठवड्यात संघ स्पर्धेला बाहेरगावी चाललाय, बरोबर तेच सर आहेत. तक्रार केली आणि सिद्ध झालं नाही, तर माझ्यावरच अब्रुनुकसानीचा खटला होईल का?

उत्तर : त्या कागदावर सही करू नका. बाकी सगळं त्यानंतर.

तुम्हाला माहीत असलेली गोष्ट माहीत नाही असं लिहून देणं खोटं तर आहेच, शिवाय उद्या तोच कागद संचालकांची ढाल होईल आणि तुमच्याविरुद्ध वापरला जाईल. तुमच्या करारात 'अकादमीची माहिती बाहेर सांगणार नाही' असं कलम असलं तरी घाबरू नका. गुन्हा लपवायला लावणारा करार कायद्यापुढे टिकत नाही.

आता 'पुरावा आणा' याबद्दल. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे आपण ज्याला पॉक्सो म्हणतो, त्याचं कलम १९ नीट समजून घ्या. असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं किंवा घडण्याची भीती वाटते, त्या कुठल्याही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं आहे. आधी सिद्ध करा, मग या, असं त्यात कुठेही नाही. खरं-खोटं शोधणं पोलिसांचं काम, ठरवणं न्यायालयाचं. संचालकांना सांगितलं म्हणजे तुमची जबाबदारी संपली असंही नाही. कायद्याने पोलिसांना कळवायला सांगितलं आहे. गुन्हा घडल्याचं ठाऊक असून न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थेच्या प्रमुखानेच दडपला, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. तेव्हा संचालक तुम्हाला सांभाळून राहायला सांगत असले, तरी खरा धोका त्यांच्याच डोक्यावर आहे.

हे कलम नुसतं कागदावर नाही. चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा इथे एका शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याच्या प्रकरणात, मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं नाही असा आरोप होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्यावरचा गुन्हा रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो आदेश फिरवला आणि माहीत असूनही न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, बहुतेक वेळा तो गुन्हेगाराला वाचवण्याचाच प्रयत्न असतो, असं म्हटलं. ऑगस्ट २०२४ मधलं बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण तर तुम्हाला आठवत असेलच. तिथे शाळेच्या व्यवस्थापनावरही न कळवल्याबद्दल गुन्हा नोंदवला गेला.

प्रशिक्षकाने खेळाडूला केलेला प्रत्येक मेसेज गुन्हा नसतो. 'उद्या सहाला मैदानावर ये' हे रात्री साडेअकराला एकटीला लिहिलं, तर ते शिस्तीला सोडून आहे, पॉक्सोचा गुन्हा नाही. पण शरीराबद्दल बोलणं, फोटो मागणं, घरी सांगू नकोस म्हणणं आणि निवडीची भीती घालणं हे सगळं एकत्र आलं की चित्र बदलतं. लैंगिक हेतूने अल्पवयीन मुलीला असं बोलणं, फोनवरून वारंवार तिच्या मागे लागणं, हे कलम ११ खाली लैंगिक छळात येतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. तिने उत्तरं दिली, हसण्याची चिन्हं पाठवली, म्हणून काही फरक पडत नाही. अठराखालच्या मुलीच्या संमतीला इथे अर्थच नाही. स्पर्शापर्यंत गोष्ट गेली असेल, तर विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागेवरच्या माणसाने केलेला म्हणून तो जास्त गंभीर गुन्हा ठरतो आणि शिक्षा किमान पाच वर्षांची आहे. मात्र स्पर्श झाला का, हे तुम्ही तिला खोदून विचारू नका. ती आपणहून जे सांगेल ते ऐका आणि तिच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवा.

अब्रुनुकसानीचं उत्तर कलम १९ मध्येच आहे : प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्यावर ना दिवाणी जबाबदारी येते, ना फौजदारी. खोट्या तक्रारीची शिक्षा बदनामी किंवा पैसे उकळणं अशा वाईट हेतूने केलेल्या तक्रारीला आहे. आरोपी सुटला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही.

पण हे संरक्षण पोलिसांना दिलेल्या माहितीला आहे, सहकाऱ्यांना पाठवलेल्या स्क्रीनशॉटला नाही. त्यात मुलीची ओळख आहे. ती उघड होणं हा तिच्यावर दुसरा अन्याय होईल. दोघांनाही आजच सांगा की पुढे कुणालाही पाठवायचं नाही. तुमच्या फोनमधलं मात्र काहीही पुसू नका, तिलाही पुसू देऊ नका. मूळ मेसेज तिच्या फोनमध्ये आहेत. तो फोन ताब्यात घेणं पोलिसांचं काम आहे, तुमचं नाही. तिने एखादा फोटो पाठवला असेल, तर तो स्वतःकडे अजिबात घेऊ नका.

आणि ते रात्रीचे फोन थांबवा. तुमचा हेतू चांगला आहे, यात मला शंका नाही. पण बंद दाराआड, रात्री, एकट्या मुलीशी, घरच्यांपासून लपवून बोलायचं नाही, हा नियम तुम्हालाही लागू आहे. उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच येईल : मुलीला तुम्हीच पढवलंत ना? दिवसा, मैदानाच्या कडेला, लोकांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी बोला.

शपथेचं काय? माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच. तिची भीती खरी आहे. मुलीला त्रास झाला की मुलीचाच खेळ बंद होतो, हे आपल्याकडे घरोघरी घडतं. म्हणून तिच्या पाठीमागे जाऊन तक्रार करू नका. आधी तिला सांगा : 'ही गोष्ट पोटात ठेवायचा मला अधिकार नाही, पण तुला एकटी सोडणार नाही.' पुढे काय होईल तेही सांगा. जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकारी, गणवेशाशिवाय घेतील. आईवडील किंवा तिचा विश्वास असलेलं माणूस तिच्या सोबत बसू शकतं. न्यायालयात तिला सरांच्या समोर उभं करायचं नाही आणि सुनावणी बंद खोलीत होते. पोलीस चोवीस तासांत बाल कल्याण समितीला, म्हणजे मुलांच्या संरक्षणासाठी असलेल्या सरकारी समितीला, कळवतात. शेवटपर्यंत सोबत राहणारी सहायक व्यक्ती समिती नेमून देऊ शकते. लग्नाची धास्ती असेल तर तीही समितीपुढे मांडा. अठराच्या आत तिचं लग्न लावणं हाही गुन्हाच आहे, आणि हे वडिलांना समितीने सांगितलं तर वेगळं वजन पडतं. आई समजूतदार असेल तर तिला आधी विश्वासात घ्या. पण तक्रारीला आईवडिलांची परवानगी लागत नाही आणि त्यासाठी दिवस घालवू नका.

तक्रार लेखी द्या, पोचेवर शिक्का घ्या, एफआयआरची प्रत मागा. ती मोफत मिळते. हद्दीचं कारण सांगून परत पाठवू शकत नाहीत. टाळाटाळ झाली तर लेखी तक्रार जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. ठाण्यात जायला धीर होत नसेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा. तुम्ही कंत्राटावर आहात, त्यामुळे नोकरीची हमी मी देऊ शकत नाही. पण तुम्हाला काढून टाकलं तर कारण लेखी मागा आणि ते पत्र तक्रारीला जोडा.

राहिला दौरा. त्याच्या आत तक्रार झाली पाहिजे. त्याच दिवशी संचालकांना ईमेल करा : तोंडी कधी सांगितलं ती तारीख, सर दौऱ्यावर आणि वसतिगृहात नकोत ही मागणी, आणि मुलींसोबत महिला प्रशिक्षक हवी हा आग्रह. मुलीचं नाव त्यात लिहू नका. भारतीय क्रीडा प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये राष्ट्रीय महासंघांना महिला खेळाडूंबरोबर महिला प्रशिक्षक पाठवणं बंधनकारक केलं होतं. खासगी अकादमीने तेवढं तरी करावं, असं बिनदिक्कत लिहा. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांत क्रीडा अकादमीचा नावानिशी उल्लेख आहे : मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, कंत्राटी असला तरी, ठरावीक काळाने पोलीस पडताळणी आणि सर्वांना बालसुरक्षेचं प्रशिक्षण. तुमच्याकडे हे कधी झालं, तेही त्याच ईमेलमध्ये विचारा आणि त्याची एक प्रत तपास अधिकाऱ्यांना द्या.