पाखंड म्हणजे ढोंग का?

विचारणा अशी आहे : 'सम्राट अशोक सर्व पाखंडांचा दान देऊन सन्मान करी, असं वाचलं. पाखंड म्हणजे ढोंग ना? मग राजा ढोंग्यांना दान कशाला देईल?'

शंका रास्त आहे. अशोकाच्या काळी, म्हणजे इ. स. पू. तिसऱ्या शतकात, या शब्दात निंदा नव्हतीच. गिरनारच्या १२व्या शिलालेखाची सुरुवात पाहा : 'देवानंपिये पियदसि राजा सव पासंडानि च पवजितानि च घरस्तानि च पूजयति'. इथे पासंड (पाखंडचं जुनं रूप) म्हणजे पंथ. घर सोडून गेलेले असोत की संसारी, सगळ्या पंथांच्या लोकांचा राजा आदर करतो, एवढाच अर्थ.

खरा पुरावा पुढे आहे. त्याच लेखात 'आत्पपासंड' आणि 'परपासंड' अशी जोडी येते. उगाच आपल्या पासंडाची थोरवी गाऊ नये आणि परक्या पासंडाला नावं ठेवू नयेत, असं राजा सांगतो. स्वतःच्या पंथालाही जो शब्द बिनदिक्कत लावता येतो, तो शिवी कसा असेल? दिल्ली-टोपरा स्तंभावरच्या सातव्या लेखात तर बौद्ध संघ, ब्राह्मण, आजीवक (त्या काळचा एक संन्यासी पंथ) आणि निर्ग्रंथ (म्हणजे जैन) यांचा उल्लेख एकाच ओघात येतो. सर्व पासंडांकडे लक्ष देण्यासाठी धंममहामात्र, म्हणजे धर्माचं काम पाहणारे अधिकारी, नेमलेले आहेत. पुढे ओडिशात हाथीगुंफेच्या लेखात जैन राजा खारवेल 'सव-पासंड-पूजको' हे बिरुद मिरवतो. मला तर हे बिरुद फार मोलाचं वाटतं.

मग बिघडलं कुठे? या शब्दातून 'आपण' गळालो आणि फक्त 'ते' उरले. वेद न मानणारे ते पाषंडी, असा अर्थ पक्का झाला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाषंड आणि चांडाळ यांची वस्ती स्मशानाच्या कडेला सांगितली आहे. मनुस्मृती (९.२२५) जुगारी, क्रूर आणि मद्यविक्रेते यांच्याबरोबर पाषंडस्थांनाही नगरातून लवकर हाकलायला सांगते. म्हणजे शब्दाचा अर्थ बदलला तो काही नुसत्या बोलण्यापुरता नव्हता. माणसाने कुठे राहायचं, हे त्यावरून ठरू लागलं. कोश वाचताना ही बाजू नजरेआड होते, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता ढोंगाचा अर्थ. मनुस्मृतीतच (४.३०) आणखी एक यादी आहे : पाषंडी, विकर्मस्थ (निषिद्ध कर्मं करणारा), बैडालव्रतिक, शठ, हैतुक (तर्कवादी), बकवृत्ती. यांचा शब्दानेही सत्कार करू नये, असं ती म्हणते. बैडालव्रतिक म्हणजे मांजरासारखं व्रताचं सोंग घेणारा, बकवृत्ती म्हणजे बगळ्यासारखा ध्यान लावून बसणारा. हे दोघे अस्सल ढोंगी. वेद न मानणाऱ्याला त्यांच्या पंगतीत बसवलं, की ढोंगीपणाचा डाग त्यालाही लागणारच. हा अर्थ अशा शेजारामुळेच चिकटला असावा, असं मला वाटतं.

पाषंडचं पाखंड कसं झालं, हे सोपं आहे. ष चा उच्चार ख करण्याची रीत जुनीच. भाषाचं भाखा झालं ते असंच. व्युत्पत्ती मात्र जपून घ्यावी. 'पा' म्हणजे वेदधर्माचं पालन, त्याचं खंडन करणारे ते पाखंडी, ही फोड मागाहून बसवलेली आहे. अशोकाच्या लेखांत अशा खंडनाचा मागमूसही नाही. परिषद्, पार्षद या शब्दांशी नातं जोडणारा अभ्यासकांचा तर्क मला त्यापेक्षा पटतो.

मराठीत तुकोबा म्हणतात, 'धर्माचें पाळण । करणें पाषांड खंडण'. इथे पाषांड म्हणजे धर्मविरोधी मत. जुन्या मराठीत हाच अर्थ मुख्य. आज पाखंडी म्हणजे ढोंगी, हा वापर बळावलाय त्यात हिंदीचा वाटा मोठा आहे. दोन्ही अर्थ चालतात, पण वाक्यात ते एकमेकांत मिसळू देऊ नयेत. देव मानत नाही असं तोंडावर सांगणारा माणूस ढोंगी खासच नव्हे. ढोंगी तो, जो न मानता मानल्याचं दाखवतो. अशोकाच्या लेखांचं भाषांतर करताना मात्र 'पाखंड' अजिबात वापरू नका. तिथे 'पंथ' किंवा 'संप्रदाय' लिहा, आणि मूळ शब्द दाखवायचाच असेल तर 'पासंड' असा जसाच्या तसा ठेवा.