मोठेपणी मेंदूत नवीन न्यूरॉन आले तर जुनं सर्किट बिघडत कसं नाही?

फारसं बिघडत नाही कारण नवीन न्यूरॉन थोडेच येतात, ठरावीक एक-दोन जागीच येतात, कामाला लागायला कित्येक आठवडे घेतात आणि त्यातले बरेच त्याआधीच मरून जातात. हे सगळ्यात नीट तपासलंय ते उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधल्या (मेंदूतला आठवणींशी जोडलेला भाग) डेंटेट गायरस या पट्ट्यात. तिथे नवीन पेशीला पहिले सिग्नल गाबा या मेंदूतल्या रसायनाचे मिळतात, एरवी गाबा न्यूरॉनला शांत करतं पण या कोवळ्या पेशीला ते उलट उत्तेजित करतं आणि त्यावरच ती वाढते, मग साधारण दोन-तीन आठवड्यांनी ग्लुटामेटची (न्यूरॉनना उत्तेजित करणारं रसायन) कनेक्शन जुळायला लागतात, तीही बऱ्याचदा जिथे जुन्या न्यूरॉनचं सिनॅप्स (दोन न्यूरॉनमधला सांधा) आधीच आहे तिथेच शेजारी, आणि हळूहळू ती जागा नवीन पेशी स्वतःकडे घेते. चार ते सहा आठवड्यांची असताना ती नवं शिकायला सगळ्यात जास्त तयार असते, पुढे बाकीच्यांसारखीच होते. पुरेसं इनपुट न मिळालेल्या नवीन पेशी गळतात. अर्थात थोडी किंमत मोजावी लागतेच, 2014 मध्ये उंदरांमध्येच दिसलं की न्यूरॉन बनणं वाढवलं तर आधीच्या आठवणी पुसट होतात, आणि मला यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं. फक्त हे माणसाला जसंच्या तसं लावू नका: 2013 मध्ये कार्बन-14 वापरून (यावरून पेशीचं वय काढतात) एकेका हिप्पोकॅम्पसमध्ये रोज सुमारे 700 नवीन न्यूरॉन असा अंदाज आला होता, 2018 मध्ये दुसऱ्या एका गटाला प्रौढांमध्ये ते सापडलेच नाहीत आणि त्याच वर्षी तिसऱ्या गटाला म्हातारपणीसुद्धा सापडले.